अस्सल, पण घासलेली पेनी

नोरीन : मर्विन, या पेट्रोल पंपावरून आपण दुसऱ्यांदा चाललोय. वॉलरूचा रस्ता सरळ आहे.

मर्विन : माहीत आहे. मनाची तयारी करतोय.

नोरीन : इकडे माझ्या मांडीवर मटण-बटाट्याच्या पेस्ट्या गार होतायत. बाबांना रविवारची पेस्टी गार चालत नाही.

मर्विन : शहाण्णव वर्षांच्या माणसाला आता काय सांगायचं? "मिस्टर पेंगली, आमच्या लग्नात तुम्ही दिलेली पेनी खरी होती"?

नोरीन : चांगलं आहे. एवढंच बोल आणि गप्प बस.

मर्विन : गप्प बसता आलं असतं तर ही वेळ आली असती का?

नोरीन : मग सराव कर. मी बाबा. बोल.

मर्विन : बरं. मिस्टर पेंगली, शेहेचाळीस वर्षांपूर्वी, मूंटाच्या चर्चच्या हॉलमध्ये, ट्रायफलचं पुडिंग वाढत होते तेव्हा तुम्ही माझ्या हातात एक काडेपेटी दिलीत. आत एकोणीसशे तीसची पेनी, त्या साली अगदी मोजक्याच पाडलेली. जिच्यासाठी देशभरचे लोक आजोबांचे गल्ले उपसत बसतात, ती.

नोरीन : मग तू काय केलंस?

मर्विन : तू बाबा आहेस ना? त्यांना माहीत आहे.

नोरीन : बाबांना तुझ्या तोंडून ऐकायचंय.

मर्विन : कोटाच्या खिशातून भिंग काढलं.

नोरीन : स्वतःच्या लग्नात.

मर्विन : सत्तावीस वर्षांचा होतो. आमच्या नाणे मंडळातला सगळ्यात तरुण पारखी. भिंग खिशात नसलं तर मला उघडं फिरल्यासारखं वाटायचं. तेव्हा मी भिंग डोळ्याला लावलं आणि ऐंशी पाहुण्यांसमोर अकलेचे तारे तोडले. म्हणालो, ही नकली आहे. छत्तीस सालच्या पेनीतला सहा कोरून त्याचा शून्य केलाय. आणि जुनी पेनी एवढी चकचकते होय? खाडाखोड लपवायला कुणीतरी घासलीय.

नोरीन : आणि बाबा म्हणाले, "असेल बाबा." आणि त्यांनी ट्रायफलचं भांडं पुढे सरकवलं.

मर्विन : मी दोनदा वाढून घेतलं. त्या दिवसाच्या आधी त्यांनी मला सांगून ठेवलं होतं, लग्न झाल्यावर मला सिरिल म्हणायचं. त्यानंतर माझी जीभच वळली नाही. शेहेचाळीस वर्षं मिस्टर पेंगली.

नोरीन : पुढचं सांग. ते खरं लाजिरवाणं आहे.

मर्विन : ते सांगायलाच हवं का?

नोरीन : दर जूनमध्ये माझ्या बटणांच्या डब्यातून पेनी कोण न्यायचं?

मर्विन : मी. नवशिक्यांच्या वर्गाला. "मुलांनो, नकली नाणं कसं ओळखायचं, त्याचा हा उत्तम नमुना." चाळीस वर्षं तीच पेनी हातोहात फिरवली. एका पोरानं ती चाटूनही बघितली. आणि तेवढ्या काळात मी स्वतः खऱ्या तीसच्या पेनीसाठी ॲडलेडपासून पर्थपर्यंत सगळे लिलाव पालथे घातले. काखेत कळसा आणि गावाला वळसा.

नोरीन : कळसा माझ्या बटणांत.

मर्विन : मग गेल्या वर्षी ती कडिनाच्या फार्मसीतली थूई वर्गाला आली. शांत बाई. पेनी सूक्ष्मदर्शकाखाली धरली आणि विचारलं, "मर्विन, यात कोरल्याची खूण नक्की कुठे आहे?" मी म्हटलं, अगदी सोपं आहे, दाखवतो. वीस मिनिटं शोधत होतो. मंडळाचा चहा गार झाला. खूण नव्हतीच.

नोरीन : आणि मग तू घरी येऊन कपाटात तोंड घालून बसलास.

मर्विन : कपाटात माझे जुने अहवाल होते. मग परदेशी तपासणीला पाठवली, आठ महिने वाट बघितली, आणि आली ही प्लास्टिकची सीलबंद पेटी. चिठ्ठीवर काय लिहिलंय, तर अस्सल. पण घासलेली, म्हणून श्रेणी नाही. एवढी सुंदर पेनी, सत्तर गुणांपैकी निदान पस्तीस-चाळीस सहज मिळाले असते. कुणा गाढवानं घासली देव जाणे.

नोरीन : त्या गाढवाबद्दल आत गेल्यावर अवाक्षर काढू नकोस.

मर्विन : का?

नोरीन : पुढे बघून चालव.

मर्विन : आणि शनिवारी टॅम्झिनच्या लग्नात ही तिला द्यायची, हे आधी बोलू की नंतर?

नोरीन : ती तुझी आहे का द्यायला? बाबांनी दिली, तू घेतलीच नाहीस. टॅम्झिन तुझी नात असली तरी पेनी अजून बाबांची आहे. ते हो म्हणाले तर. आणि ते नाही म्हणाले, तर तू बोलायचं नाहीस. पोचलो. थांबव इथे.

(वृद्धाश्रमातली खोली. सिरिल पेंगली खिडकीशी खुर्चीत.)

सिरिल : पेस्टी आणली का?

नोरीन : आणली, बाबा. कोमट आहे. मर्विनला रस्ता सापडत नव्हता.

सिरिल : वॉलरूचा?

मर्विन : मिस्टर पेंगली, मला तुमच्याशी बोलायचंय. आमच्या लग्नातल्या पेनीबद्दल.

सिरिल : ती नकली.

मर्विन : ती नकली नव्हती. नकली मी होतो. म्हणजे माझी पारख. ती अस्सल आहे, आता लेखी आलंय. मी सगळ्यांसमोर तुमचा अपमान केला आणि नंतर चाळीस वर्षं पोराटोरांना तो शिकवत राहिलो. माझं चुकलं. मला माफ करा.

सिरिल : जरा मोठ्यानं बोल.

नोरीन : माझं चुकलं म्हणतोय, बाबा.

सिरिल : ते ऐकलं. अस्सल म्हणाला, ते परत ऐकायचंय.

मर्विन : अस्सल आहे.

सिरिल : हं. पेन्या जाऊन डॉलर यायच्या आधीची गोष्ट. माझी पावाची गाडी होती. अकरा वर्षं रोज संध्याकाळी गल्ला ओतून एकेक पेनी बघायचो. तीस सालची हवी होती, मी तीसचा ना. एक दिवस सापडली. पाद्रीबाईंनी दोन पाव घेतले, त्यात आली. मग तू आमच्याकडे यायला लागलास. सारखा नाण्यांवर बोलायचास. म्हटलं, याला देऊ. माझ्याकडे देण्यासारखं दोनच होतं, पोरगी आणि ती पेनी. पोरगीला भिंग लावलं नाहीस, नशीब.

नोरीन : लावलं असतं तर श्रेणी आली नसती.

सिरिल : तू नकली म्हणालास तेव्हा मला लाज वाटली, मर्विन. वाटलं, पाद्रीबाईंनी फसवलं आणि मी पोरीच्या लग्नात खोटं नाणं दिलं. तू शिकलेला. तुला कळणारच. पाद्रीबाईंशी मी पुढे कधी धड बोललो नाही. बिचारी गेली.

मर्विन : मला हे माहीत नव्हतं.

सिरिल : तू विचारलं नाहीस. कुठंय ती?

मर्विन : ही घ्या. हातातच देतो.

सिरिल : हे काय? काच?

मर्विन : प्लास्टिक. सीलबंद असतं.

सिरिल : मला आता दिसत नाही. बोटाला लागली तर कळेल. काढ बाहेर.

मर्विन : पेटी फोडली की ती चिठ्ठी बाद होते. मग अस्सल म्हणून कागदावर काहीच उरत नाही.

सिरिल : बरं. राहू दे मग.

मर्विन : नोरीन, गाडीतली पक्कड आण.

नोरीन : आठ महिने, मर्विन.

मर्विन : आण. मी फोडतो.

नोरीन : पक्कड पर्समध्येच आहे. मला वाटलंच होतं, बाबा हात लावायला मागतील. तू फोडशील असं मात्र वाटलं नव्हतं. धर.

मर्विन : हात जरा बाजूला घ्या. तुकडे उडतील. हं. फुटली. ही घ्या.

सिरिल : हीच. कडेला हा बारका टवका आहे. हीच ती. पण ही अशी चिकट काय लागते? काळी पडलीय का?

मर्विन : हो. पोरांचे हात लागले.

सिरिल : मी दिली तेव्हा लख्ख होती. आदल्या संध्याकाळी व्हरांड्यात बसून मीच घासली होती. चर्चच्या पितळी कठड्यांचं पॉलिश मागून आणलं होतं. लग्नात मळकं नाणं कसं देणार?

नोरीन : मर्विन, बस जरा खुर्चीवर.

मर्विन : गाडीत मी ज्याला गाढव म्हणालो...

नोरीन : अवाक्षर काढायचं नाही, असं ठरलं होतं.

मर्विन : गाढव कोण होतं ते कळलं, एवढंच म्हणतोय.

सिरिल : काय म्हणतोय हा?

नोरीन : पेनी टॅम्झिनला द्यायची का, असं विचारतोय. शनिवारी.

सिरिल : द्या की. माझ्या पणतजावयाला नाण्यांतलं काही कळतं का?

मर्विन : काडीचं नाही. माशांच्या बोटीवर असतो.

सिरिल : मग बरंय. पण अशी काळी नको. घासून द्या.

नोरीन : बाबा, नाणं कधीही घासायचं नाही, असं मर्विन वर्गात पहिल्या दिवशी फळ्यावर लिहितो.

मर्विन : लिहितो. मोठ्या अक्षरात. खाली दोन रेघा मारतो. मंडळात कळलं तर माझं नाव कापतील, आणि बरोबरच करतील. नोरीन, खाली चॅपलमध्ये पितळेचं पॉलिश असेल का बघ. आणि फडकं. मऊच फडकं लागतं ना, सिरिल?

सिरिल : मऊच. आणि पेस्टी खाऊन बस. मला तेव्हा दोन तास लागले होते.