रेडिओची पाठवणी

तुम्ही कधी रेडिओची ओटी भरलेली पाहिलीय का? आमच्या यांना जुने वॉल्व्हचे, हातात धरून नेता येणारे रेडिओ जमवायचा नाद. धावडा गावच्या एका आजींकडच्या रेडिओसाठी यांनी तीन महिने खेटे घातले. शेवटी आजी तयार झाल्या. खणानारळानं रेडिओची ओटी भरून डोळे पुसत म्हणाल्या, "लेकीवाणी संभाळली म्या हिला. जल्दी तापती, जपा. अन् पंचमीला माहेरी धाडा बरं!"

"बिलकुल धाडतो, आजी!" हे घाईघाईनं म्हणाले.

जालन्याला परतताना मी म्हटलं, "अहो, पंचमी परवाच आहे."

"म्हातारं माणूस, इसरून जाईल!"

दुसऱ्या दिवशी सकाळी आजींचा थोरला मुलगा रेडिओला माहेरी न्यायला पहिल्या एसटीनं आला.