हौसाबाईच्या डोळ्यातलं पाणी

मंडळी, ऐका! टाळ जरा खाली ठेवा. मृदंगबुवा, तुम्ही पण हात पुसून घ्या. आता गोष्ट! पण गोष्टीआधी एक प्रश्न — आणि उत्तर मनातल्या मनातच द्या, मोठ्यानं दिलंत तर घरी भांडण होईल! शेजारची बाई तुम्ही वीस वर्षं बघताय. टीव्हीतली बाई रोज अर्धा तास — त्यात पण निम्म्या जाहिराती! मग सांगा, सासू कशी असते, सून कशी असते, म्हातारं माणूस कसं असतं, हे तुम्ही कुणाकडनं शिकलात? शेजारणीकडनं, का टीव्हीकडनं?

हसलात! म्हणजे उत्तर कळलं. बोला, विठ्ठल विठ्ठल!

तर निमशेवडी नावाचं गाव. तिथं हौसाबाई चिवटे. वय सदुसष्ट. नवरा जाऊन पंधरा वर्षं झालेली. मुलगा साखर कारखान्यात पाळीवर जाणारा. घरात सून शालन आणि अकरा वर्षांची नात. दारात पिठाची गिरणी. ती कोण चालवायचं? सासू आणि सून! सासू दळायची, सून डबे लावायची. पट्टा निसटला तर हौसाबाई पदर खोचून स्वतः चढवायची. अंगात लालभडक फुलांची साडी, आणि हसणं असं, की गिरणी चालू असली तरी रस्त्यावर ऐकू यायचं!

त्या गावात एका मालिकेचं शूटिंग आलं. गाड्या आल्या, छत्र्या आल्या, दिवसाढवळ्या दिवे लागले! आणि नेमकी त्यांची म्हातारीचं काम करणारी बाई आजारी पडली. चार भागांचं काम होतं. आयत्या वेळी म्हातारी आणायची कुठनं? कुणीतरी म्हणालं, "गिरणीत आहे की!"

गेली हौसाबाई. डायरेक्टर तिशीतला. त्यानं वरनं खालपर्यंत बघितलं. म्हणाला, "आजी, असं ताठ नाही उभं राहायचं. वाका जरा. ही काठी घ्या. आणि चालताना खोकायचं."

"खोकायचं कशाला? मला न्हाई खोकला."

"अहो, ती म्हातारी आहे ना!"

"आन् मी कोण हाय रं बाबा?"

मग केसाला पांढरी पावडर लावायला घेतली. हौसाबाई म्हणते, "आदी सांगायचं न्हाई का, वंजळभर पीठ आणलं असतं की!" मग म्हणाले, ही लाल साडी चालत नाही, विधवेला पांढुरकी पाहिजे. हौसाबाई म्हणाली, "ही तर माझ्या सुनंनं दिवाळीला घेतलीया!" त्यावर तो डायरेक्टर काय म्हणाला माहिताय? म्हणाला, "आजी, आमच्या मालिकेतली सून साडी घेत नाही."

ऐकलंत? घेतच नाही! ठरलेलंय त्यांचं. म्हातारी म्हणजे खोकणार, वाकणार, रडणार. गिरणी चालवणारी म्हातारी? छे! लोकांना पटत नाही म्हणे. आणि सून दोनच प्रकारची. एक देवघरापुढं रडणारी — ती चांगली. दुसरी झोपताना पण किलोभर दागिने घालणारी — ती वाईट! वाईट कशी ओळखायची? एक भुवई वर जाते, धाडकन वाजतं, आणि तेच तोंड तीनदा दाखवतात. न जाणो, कुणाला कळलं नसलं तर! सासूबरोबर ओट्यावर बसून शेंगा फोडणारी सून बघितलीत कधी टीव्हीत? ती तुमच्या गल्लीत घरटी एक आहे. पण तिच्यावर मालिका चालत नाही.

असो. प्रसंग काय होता? सुनेनं सासूला गाठोड्यासकट घराबाहेर काढायचं. सासूनं पायरीवर बसून रडायचं. डोळ्यात पाणी यायला औषध घेऊन एक मुलगी आली. हौसाबाई म्हणाली, "ऱ्हाऊ दे गं. मला रडता येतंया." पायरीवर बसली. जरा वेळ डोळे मिटले. आणि अशी रडली, अशी रडली — की दिवा धरणारा माणूस पण डोळे पुसायला लागला!

मालिका लागली. गाव टीव्हीपुढं. आधी कौतुक! "आपली हौसाबाई!" आता मंडळी, हे सोंग आहे, हे गावाला ठाऊक होतं बरं का. पावडर ठाऊक होती, काठी ठाऊक होती. सगळं ठाऊक! पण दळणाला आलेली एक बाई दुसरीच्या कानाला लागली, "अगं, औषध न घालता रडली म्हणं. मनात असल्याबिगर येतंय का एवढं पाणी?"

झालं! एका वाक्यानं काम झालं. बायका गिरणीत यायच्या, डबा ठेवायच्या, शालनशी एक शब्द बोलायच्या नाहीत. हौसाबाईला मात्र बाजूला घेऊन हळूच विचारायच्या, "काय होतंय तर सांगा हो." हौसाबाई हसायची, "काय व्हतंय? गुडघा दुखतोय!" ती जितकी हसायची तितक्या त्या म्हणायच्या, "बिचारी लपवतीय!" काय करता सांगा? रडली तरी सून वाईट, हसली तरी सूनच वाईट!

दोन महिने चाललं असं. शाळेत नातीला पोरी विचारायला लागल्या, "तुझी आई आजीला मारते का गं?" त्या दिवशी शालन मोडली. सासूला म्हणाली, "आत्या, चार दिवस माहेरी जाऊन येते." पण पिशवीत नातीची शाळेची पुस्तकं भरलेली. आता चार दिवसांना पुस्तकं कशाला लागतात? हौसाबाई काय समजायचं ते समजली. मुलगा कामावर, घरात दोघीच. म्हणाली, "सप्ता चाललाय. काल्याचं पयलं दही आपल्या घरचं असतंया. तेवढं दे, मग जा. मी आडवी येत न्हाई."

आता गोष्टीत पापी माणूस येतो. कोण? हा! हा फेटेवाला! मी!

त्या सप्ताहात काल्याचं कीर्तन माझं होतं. आदल्या दिवशी पंगतीत कुणीतरी सांगितलं, महाराज, आमच्या गावची म्हातारी टीव्हीत आली. मोबाईलवर ते रडणं दाखवलं. मी म्हटलं, वा, आयता दृष्टांत मिळाला! आणि दुसऱ्या दिवशी, असाच उभा राहून, असाच हात वर करून म्हणालो — "तुमच्याच गावची माउली बघितली मी! सुनेनं हाकललेली! अहो, टीव्हीत कशाला, घरोघर बघा, सून आली की सासूचं गाठोडं दारात!" काय हशा पिकला! टाळ्या! सगळ्या माना एका बाजूला वळल्या. मला वाटलं, दृष्टांत लागला. अहो, लागला होता — पण कुणाला? त्या बाजूला दह्याचं पातेलं मांडीवर घेऊन शालन बसली होती. मला काय माहीत? आणि मी विचारलं तरी कुठं होतं!

काला सुरू झाला. काला म्हणजे तुम्हाला काय सांगायचं? लाह्या, दही, पोहे एकत्र करायचे आणि ज्यानं त्यानं दुसऱ्याच्या तोंडात घास घालायचा. कोण मोठा, कोण धाकटा, बघायचं नाही. शालन पातेलं घेऊन उठली. एक बाई म्हणाली, "दही झालं आमच्याकडचं." आणि तिच्या हातातलं पातेलं घेऊन मांडवाच्या खांबामागं ठेवून दिलं. शालननं लेकीचा हात धरला आणि निघाली.

तेवढ्यात हौसाबाई माझ्यासमोर आली. त्याच लाल साडीत. म्हणाली, "म्हाराज, मला रडताना बगितलंत तुमी?"

"बघितलं, माय."

"कशापायी रडले, इचारलंत?"

माईक माझ्या हातात होता, तो तिनं घेतला. आणि गावाकडं तोंड करून बोलली:

"ऐका गं बायांनो. ही माझी नात झाली तवा शालनला दवाखान्यात नेली. लेकरू बरं. पर हिचं रगत थांबंना. डाक्टर म्हणला, काय सांगता येत न्हाई. नर्सबाईनं हिच्या हातातल्या हिरव्या बांगड्या काढल्या आन् माझ्या हातात दिल्या. रातभर त्या बांगड्या धरून मी फरशीवर बसले. देवाला म्हणलं, मला ने, हिला ठेव. त्या पायरीवर मला बांगड्या आठवल्या. म्हून पाणी आलं. मी शालनसाठनं रडले! आन् तुमी माझंच पाणी घेऊन तिला बुडवाया निगाला?"

मंडळी, शालन मांडवाच्या दाराशी थांबली होती. अकरा वर्षांत तिला पण हे कुणी सांगितलं नव्हतं. ती तिथंच खाली बसली आणि ढसाढसा रडली. हौसाबाईनं खांबामागचं पातेलं आणलं, तिच्यापुढं बसली, आणि म्हणाली, "घाल गं माझ्या तोंडात." सुनेनं घास घातला. मग ती पातेलं ठेवणारी बाई आली, मान खाली घालून, शालनकडं घास मागायला. मग दुसरी.

आणि मी? मला वाटलं, हळूच जाऊन शालनच्या कानात सांगावं, चुकलो म्हणून. मग मनात आलं, हसवलंस माईकवर, आणि माफी कानात? मोठ्यानं बोललो. सगळ्या गावापुढं तिचे पाय धरले. ती लाजली, मागं सरली. तिनं मला घास दिला. पण सोडलं नाही हो! म्हणाली, "महाराज, घास खा. पण तुमचं ऐकून लोकं घरी जातात, आणि तसंच वागतात. दुसऱ्या गावात असं हसवू नका."

बरोबर बोलली ती. ते टीव्हीवाले पोटासाठी खोटं दाखवतात. मी देवापुढं उभा राहून तेच केलं होतं. म्हातारी म्हणजे बिचारी, सून म्हणजे कजाग — असं बोललं की टाळी मिळते, आणि टाळी गोड लागते. त्या दिवसापासून सोडलं. हशा कमी झाला, बिदागी पण कमी झाली. चालायचंच.

पण मी माझं सांगितलं. आता तुमचं! दोन महिने झाले असतील, वर्ष झालं असेल, या गावात पण एखाद्या बाईशी तुम्ही बोलणं सोडलंय. का सोडलंत? तिनं काही केलं म्हणून, का कुणीतरी सांगितलं, अशा बायका अशाच असतात, म्हणून? विचारलंत तिला? नाही ना? माझं सांगणं संपलं. लाह्यांची परात तयार आहे, आजचा पण काला आहे. तुम्ही कुणाला चुकवून बसलाय, ते मला दिसत नाही, तुम्हाला दिसतंय. उठा, पहिला घास तिच्या हातचा मागा. तुम्ही मागेपर्यंत मी आरती सुरू करणार नाही. हा बघा, बसलो खाली.