डाव्या हाताची तीन बोटं

आजच्या समारंभाचे अध्यक्ष महाराज, व्यासपीठावर बसलेले मंडळाचे पदाधिकारी, ज्यांच्यासाठी आपण सगळे जमलो ते आमचे सर, पहिल्या रांगेतल्या काकू, आणि खुर्च्या कमी पडल्या म्हणून भिंतीला टेकून उभे असलेले आजी-माजी विद्यार्थी,

सुरुवातीलाच एक खुलासा करते. निवेदकांनी माझी ओळख करून देताना ‘सरांची लाडकी विद्यार्थिनी आणि नामांकित पंच’ असं म्हटलं. पंच मी आहे, म्हणजे आज सकाळपर्यंत होते. लाडकी वगैरे जे काही आहे, त्याबद्दलच मला बोलायचं आहे. निरोपाच्या भाषणात गोड बोलायचं असतं हे मला कळतं. गोड बोलणारे आठ जण माझ्याआधी बोलून गेले, तेव्हा तो कोटा पूर्ण झाला असं समजू या.

एकतीस वर्षांनी सर बुद्धिबळाचा वर्ग बंद करताहेत. छापखान्याच्या वरची ती खोली इथल्या अनेकांना ठाऊक आहे. खाली मशीन सुरू झालं की वर पटावरच्या सोंगट्या हळूहळू सरकायच्या. कुठली कुठे होती ते लक्षात ठेवूनच खेळावं लागे, आणि त्यावरून आमची भांडणं व्हायची. सर्वांत जास्त मी भांडायचे, म्हणून सरांनी माझं नाव ‘वकीलबाई’ ठेवलं. माझे वडील इलेक्ट्रिशियन. छापखान्यात वायरिंगच्या कामाला आले, जिन्यावरून वर डोकावले, आणि दुसऱ्या दिवशी मला तिथे नेऊन सोडलं. मी तेव्हा अकरा वर्षांची होते.

मला वाटायचं, आपण फार हुशार. चौथ्या खेळीला माझा वजीर बाहेर, आणि विसाव्या खेळीला मी रडकुंडीला. महिनाभर सरांनी हा तमाशा बघितला. मग एक दिवस चालू डावातले हत्ती, घोडे, उंट, वजीर, सगळे उचलून डब्यात टाकले. पटावर दोन राजे आणि प्यादी तेवढी राहिली. म्हणाले, “आता सांग, दुखतंय कुठे?” मी म्हटलं, सर, ही तर नुसती प्यादी आहेत. ते म्हणाले, “बाकीचे पाहुणे आहेत. घर यांचं आहे.”

पुढचं वर्षभर आम्हाला एकही सापळा शिकवला नाही. पालक कुरकुरायचे, दुसऱ्या वर्गातली मुलं दहा खेळ्यांत मात देतात म्हणायचे. आम्ही आपले प्यादी बघत बसलो. एकटं पडलेलं कोणतं, मागे राहिलेलं कोणतं, एकाच्या पाठी एक अडकलेली कोणती. आणि बेटं. लागून असलेल्या पट्ट्यांमधली प्यादी म्हणजे एक बेट. मधली एक उभी पट्टी रिकामी राहिली की पलीकडे दुसरं बेट. एका बेटावरचं प्यादं दुसऱ्या बेटावरच्याला आधार देऊ शकत नाही, म्हणून ज्याची बेटं जास्त त्याला राखण अवघड. खेळी करण्याआधी ती मोजायची, आणि मोजायची ती बोटांवर. डावा हात समोरच्याचा, उजवा हात आपला. हा सरांचा नियम होता. त्या वर्षाअखेरच्या स्पर्धेत मी तळातून उठून सहावी आले. तेव्हापासून पट दिसला की माझी बोटं आपोआप हलतात. इथल्या सगळ्यांची हलतात, सरांची तर सर्वांत जास्त. काकू सांगतील, जेवतानासुद्धा त्यांची बोटं सुरूच असतात.

आता नऊ वर्षांपूर्वीची गोष्ट. आज स्टेजवर बसलेल्या मान्यवरांना ती नको असेल, पण तिला वगळून सरांचा निरोप कसा करायचा? एके काळी चाळीस मुलं असलेला वर्ग आज पाच मुलांवर का आला, हे कुणीतरी सांगायला नको का?

राष्ट्रीय संघाच्या निवड स्पर्धेची शेवटची फेरी होती. सरांची एक विद्यार्थिनी खेळत होती, पंधरा वर्षांची. सर तिला ‘मुंगी’ म्हणायचे, कारण ती हळू चालायची आणि थांबायची नाही. तिला बरोबरी पुरेशी होती. अर्धा गुण मिळाला की संघात. आमचे आजचे अध्यक्ष त्या स्पर्धेचे मुख्य पंच होते आणि मी त्यांच्या हाताखाली होते. समोर एका दातांच्या डॉक्टरांचा मुलगा. मुंगीकडे पांढरी. तेविसाव्या खेळीला ती वीस मिनिटं विचार करत बसली. सर दोरीच्या पलीकडे, प्रेक्षकांत उभे. त्यांचे दोन्ही हात छातीशी, डाव्या हाताची तीन बोटं उघडी, उजव्या हाताची दोन. मुंगीने एकदा मान वर करून दोरीकडे बघितलं, मग सी पट्टीतलं प्यादं दोन घरं पुढे सरकवलं.

प्रेक्षकांत बसलेले डॉक्टर ताडकन उठले आणि सर बोटांनी खेळी सांगताहेत म्हणून ओरडायला लागले. डावीकडून तिसरी पट्टी, खालून दुसरी ओळ, तीन आणि दोन. नेमकं तिथलंच प्यादं हललं होतं. खरं सांगते, आरोप बिनतोड दिसत होता. सर, तुमच्यावरही माझा राग आहे. हात खिशात ठेवायला काय झालं होतं तुम्हाला?

चौकशी सभागृहामागच्या छोट्या खोलीत झाली. सर एवढंच म्हणाले, “मी बेटं मोजत होतो.” त्यावर समितीतले एक जण हसले आणि सहलीला निघालात की काय, असं विचारलं. ते गृहस्थ आज आले आहेत, मी त्यांच्याकडे बघत नाही. काकूंना आत येऊन सांगायचं होतं, पण घरच्यांची साक्ष चालत नाही म्हणून त्यांना दारातच अडवलं. मग मुख्य पंचांनी मला विचारलं, “तुम्ही यांच्या विद्यार्थिनी आहात. ही यांची सवय आहे का?” अध्यक्ष महाराज, तुम्ही सरळ विचारलं होतं, आणि दोनदा विचारलं होतं. तुमची त्यात काही चूक नाही.

मी म्हटलं, “मला निश्चित सांगता येणार नाही.”

काळ्याचं एक प्यादं ए पट्टीत एकटं, दोन मध्ये, तीन राजाच्या बाजूला. तीन बेटं. मुंगीची दोन. तो डाव मला आजही तोंडपाठ आहे. डॉक्टर ओरडत होते तेव्हा मी पटाशेजारी उभी होते, हात पाठीमागे बांधून. आणि पाठीमागे माझ्या डाव्या हाताची तीन बोटं उघडी होती, उजव्या हाताची दोन. सर काय करताहेत हे मला त्याच क्षणी कळलं होतं. मला निश्चित सांगता येत होतं.

मग बोलले का नाही? कारण मी नवीन पंच होते आणि माझ्यामागे ‘सरांचं माणूस’ अशी कुजबुज असायची. मला निःपक्षपाती दिसायचं होतं. दिसलेही. समितीच्या अहवालात माझ्या निःपक्षपातीपणाचं दोन ओळी कौतुक आहे, आणि पुढच्याच वर्षी मला मोठ्या स्पर्धा मिळायला लागल्या. सरांना दोन वर्षं स्पर्धेच्या ठिकाणी यायला बंदी झाली. मुंगीचा डाव हरल्याचा धरला आणि ती अर्ध्या गुणाने बाहेर राहिली. पालकांनी मुलं काढून घेतली. सरांनी कुणाकडेही माझं नाव घेतलं नाही. ज्या मुलीला ते वकीलबाई म्हणायचे, तिच्या तोंडून त्यांच्या बाजूने एक शब्द निघाला नाही, आणि तरी ते मला त्याच नावाने हाक मारत राहिले.

वर्ग बंद होतोय हे कळल्यावर मागच्या महिन्यात मी त्यांच्या घरी गेले. सर ओल्या फडक्याने सोंगट्या पुसत बसले होते. मी सगळं सांगितलं. ते म्हणाले, मला त्याच दिवशी कळलं होतं, आणि त्याच दिवशी मी तुला माफ केलं. आतून काकूंचा आवाज आला, “मी नाही केलं.” मग त्या बाहेर आल्या आणि विचारलं, त्या पोरीला भेटलीस का? नव्हते भेटले. नऊ वर्षांत मला ते सुचलंही नव्हतं, याची लाज वाटते.

मुंगी आता एका चष्म्याच्या दुकानात काचा बसवते. ती मला बस म्हणाली नाही. हातातली काच फ्रेममध्ये बसवत तिने सगळं ऐकून घेतलं. त्या दिवसानंतर तिने पट मांडलेला नाही. सरांच्या नावाला लागलेला डाग मी आता धुऊन काढणार, असं काहीतरी मी बोलत होते. ती म्हणाली, “सरांचं नाव निघेल धुऊन. माझं काय? मी वीस मिनिटं विचार केला होता. ती खेळी माझी होती. एवढं लोकांत सांगा.”

ती आज आलेली नाही. मी बोलावलं होतं. तेव्हा तिचं काम मी करते. मंडळी, त्या तेविसाव्या खेळीचं प्यादं तिने स्वतः शोधलं होतं. मधली काळी जोडी फोडायला ते एकच प्यादं उपयोगी होतं, आणि पंधरा वर्षांच्या मुलीने ते कुणाच्या मदतीशिवाय ओळखलं. सरांनी तिला काहीही सांगितलं नाही. हे सगळं मी लेखी दिलं आहे. पत्र आणि माझा पंचाचा परवाना अध्यक्षांच्या टेबलावर, फुलांच्या गुच्छाखाली ठेवला आहे. तिला तो अर्धा गुण यातून परत मिळणार नाही, हे मला माहीत आहे.

मंडळाने मला बोलू दिलं, तुम्ही शांतपणे ऐकून घेतलंत, त्याबद्दल सर्वांचे मनापासून आभार. बोलण्याच्या ओघात काही कमी-जास्त झालं असेल, कुणाचा उल्लेख राहून गेला असेल, तर तेवढं पोटात घाला. त्या दिवशी मी जे बोलले नाही, त्याला मात्र क्षमा करू नका. सर, तुम्हीसुद्धा.