घड्याळ लावून नाही

नाही म्हणजे नाही हो ताई — बक्षीस ठेवा, हार घाला, पेपरात फोटो छापून आणा, तरी माझी कोडी स्पर्धेला मिळायची नाहीत. तुमच्या ज्येष्ठांच्या मंडळात नुसती टेबलावर मांडून ठेवणार असाल — ज्याला वाटेल त्यानं बसावं, कंटाळा आला की उठावं — तर हे कपाट उघडं आहे, हवी तेवढी न्या. पण आजी-आजोबा एका बाजूला, नातवंडं दुसऱ्या बाजूला, मधे घड्याळ, आणि बघू या कोणाचा मेंदू जास्त पळतो — हे कोणाच्या डोक्यातून निघालं? तुमच्या? बरं. बसा मग. बोलणी खायचीच आहेत तर बसून खा. त्या खुर्चीवर नको, तिथं भुसा पडलाय — इथं बसा.

हे घ्या, धरा हातात. कडेवरून बोट फिरवा. लागतंय कुठे? नाही ना? प्लायवर फोटो चिकटवायचा, रात्रभर वजनाखाली दाबून ठेवायचा, मग बारीक पात्याच्या करवतीनं कापायचा आणि प्रत्येक तुकड्याची कड पॉलिश पेपरनं घासत बसायचं — का? तर म्हातारी बोटं थरथरतात, कातडी कागदासारखी झालेली असते, कुसळ गेलं तर आठवडाभर ठणकतं. दुकानातली कोडी आणली होती की आधी. अर्धी निळं आभाळ आणि उरलेली हिरवं गवत! अहो, माझं डोकं फिरलं, तर आजारी माणसाचं काय होईल? आजारी म्हणजे — सांगते, सांगते, घाई कसली आहे तुम्हाला.

सुरुवात नातीपासून झाली. मुलाची मुलगी, ठकी म्हणतो आम्ही. शाळेत तिला घ आणि ध एकच दिसायचे, भ आणि म एकच दिसायचे, आणि बाई वर्गात उभं करायच्या. घरी आली की पाटी फेकायची. मग मी पुठ्ठ्याचे तुकडे कापले — घ आणि घराचं चित्र एकमेकांत बसतील असे, ध आणि धनुष्य बसतील असे. चुकीचं बसवायला गेलं तर बसतच नाही, कोणी ओरडायला लागत नाही, पुठ्ठाच सांगतो बाई गं हे नव्हे. महिन्याभरात पोरगी दुकानांच्या पाट्या वाचायला लागली. तेवढ्यात ह्यांचं सुरू झालं. आमचे हे गोदामात कारकून होते, सगळा जन्म तिथं गेला. आणि एक दिवस निवृत्त होऊन वर्षं लोटलेला माणूस सकाळी डबा मागायला लागला — साहेब वाट बघत असतील म्हणून. डॉक्टर म्हणाले, डोक्याला काहीतरी चाळा द्या. चाळा! म्हटलं, चाळे तर घरातच तयार होतात. ह्यांच्यासाठी मी फोटोंची कोडी केली. आमच्या घराचा दरवाजा, ह्यांची सायकल, गोदामातल्या सगळ्यांचा एक जुना फोटो.

आणि हे टेबल — ह्याच टेबलाला ते दोघं बसायचे हो संध्याकाळी. ती अक्षरं लावायची, हे सायकल जुळवायचे. हे मुद्दाम घराला ध लावायला जायचे आणि ती किंचाळायची, आजोबा, धर नसतं, घर असतं! हे म्हणायचे, धर की मग, पडेल! — हसून हसून दोघं लोळायची. ह्यांचा तुकडा अडला की ती हळूच सरकवायची, नि तिचा अडला की हे. कोणाचा मेंदू कोणाला लागला होता कोण जाणे. मला काय करायचंय? मी स्वयंपाकघरातून ऐकायचे.

मग आले आमचे चिरंजीव. त्यांचे ऑफिसातले लोक जेवायला यायचे होते, म्हणून आम्हालाही आपल्या घरी बोलावलं, कोड्यांसकट. जेवण झालं, गप्पा संपल्या — आता पाहुण्यांना दाखवायचं काय? तर वडील दाखवायचे! आई काय सुंदर कोडी करते, बाबांची मेमरी कशी टिकवून ठेवली आहे बघा म्हणाला. दोन कोडी मांडली, सारखी, एकापुढे ठकी, एकापुढे हे, आणि मोबाइलवर घड्याळ लावलं. मी म्हटलं, अरे नको. तर म्हणे, आई, गंमत आहे. सगळे भोवती उभे — चला आजोबा, चला आजोबा — टाळ्या. ठकीनं भराभर अर्धं लावलं, मग तिनं मान वर करून ह्यांच्याकडे बघितलं आणि लावायची थांबली. तिला कळलं. एवढ्याशा पोरीला कळलं, मोठ्यांना नाही कळलं! ह्यांच्या हातात एक तुकडा होता, तो ते नुसता फिरवत होते, फिरवत होते. तिनं हात पुढे केला मदतीला, तर बाप ओरडला — चीटिंग नाही करायचं! आणि ह्यांनी तो तुकडा खाली ठेवला, उठून उभे राहिले, हात जोडले आणि स्वतःच्या मुलाला म्हणाले, साहेब, आज नाही झालं काम. उद्या लवकर येऊन पुरं करतो.

लोक हसले हो ताई. त्यांना वाटलं, म्हातारा विनोदी आहे! एकानं तर पाठीवर थाप मारली ह्यांच्या. आणि आमचे चिरंजीव — तेही हसले. पांढरेफटक पडून, पण हसले. मी हात धरून ह्यांना जिन्यानं खाली आणलं, ते वाटभर विचारत होते, साहेब रागावले नाहीत ना?

तुम्ही मान खाली घालू नका, तुम्ही कुठे होता तिथं. पण तुम्हीही तेच मांडायला निघालात ना? म्हणून सांगतेय.

दुसऱ्या दिवशी मुलाचा फोन — चूक झाली म्हणेल असं वाटलं होतं मला. तर म्हणतो, ठकी रात्रभर रडत होती, तिच्या मनावर परिणाम होतोय, काही दिवस तिला तिकडे पाठवत नाही. परिणाम! आजोबांनी केला परिणाम! मी म्हटलं, मग तूही येऊ नकोस. आणि तो आलाच नाही. एवढा आज्ञाधारक कधीपासून झाला, विचारा!

आणि ह्यांना मेला तोच लागतो. घरच्या सगळ्यांचा फोटो केला होता मी, त्यात पहिला त्याचा चेहरा शोधतात. आला का म्हणून दाराकडे बघतात. मी इथं — न्हायला घालते, नखं काढते, तुकडे कमी कमी करत आणले, मोठे मोठे कापले — आणि माझा तुकडा हे बाजूला ठेवतात. जागा मोकळी राहिली तरी चालेल! मला वाटलं, गर्दीत चेहरा लहान दिसत असेल. म्हणून परवा माझा एकटीचाच मोठा फोटो केला, चारच तुकडे. लावला ह्यांनी, झटकन लावला. लांब धरून बघितला. म्हणाले, चांगल्या घरच्या वाटतात बाई. कोणाच्या ह्या?

माझ्या तोंडून निघून गेलं — कोडं करायला आलाय फोटो, गिऱ्हाईकाच्या.

हे मी तुम्हाला कशाला सांगतेय? कोण तुम्ही? — पाणी नको, काही नको, डोळ्यांत भुसा गेलाय. हात लावू नका मला.

अहो, उठलात? या, या. भिंतीला धरून या. ह्या मंडळाच्या ताई आहेत. नाही हो, साहेबांकडून नाही आल्या. — ऐकलंत ताई? तुम्हाला सांगतायत, ह्या बाई चहा चांगला करतात, घेऊन जा म्हणून. ह्या बाई म्हणजे मी. हसू नका. आणि रडायचं तर मुळीच नाही, ते घाबरतात.

हो, करते हं चहा. तुम्ही बसा, साखर कमी ना? — तुम्हाला नाही विचारलं, ताई. तुम्ही निघा आता. आणि ते घड्याळाचं पुन्हा कोणाला सुचलं तर त्याला माझ्याकडे पाठवा. दार लोटून घ्या जाताना.