घसाऱ्याचे पैसे दाखवा

अध्यक्ष दादासाहेब, ठाण्याहून आलेले पंतांचे बंधू रामभाऊ, आणि मंडळी,

आज गिरणीचा भोंगा झाला नाही. भोंगा ऐकून दुकानाची फळी काढायची, ही माझी चौदा वर्षांची सवय. आज ओट्यावर नुसता बसून राहिलो, आणि मग आठवलं. भाताची पोती बाजूला सारून तुम्ही सगळे या गोदामात जमलात. पारनाक्यापासून खाडीपलीकडच्या कोनगावापर्यंतची माणसं दिसताहेत मला. एका हिशेबनिसासाठी एवढी माणसं जमली, हे सखारामपंतांना सांगितलं असतं तर ते म्हणाले असते, "मग आज काम कोण करतंय?"

दादासाहेबांनी बोलणाऱ्यांच्या यादीत माझं नाव घातलं नव्हतं. मीच मागून घेतलं. भाव ठरवताना माझी जीभ कधी अडखळत नाही हे कल्याणच्या बाजारपेठेला ठाऊक आहे. आज ती अडखळेल. सांभाळून घ्या.

आपले सखारामपंत गेले. तापाचं निमित्त झालं आणि पाच दिवसांत गेले. बारा वर्षं त्यांनी आपल्या या भाताच्या गिरणीचा जमाखर्च लिहिला. कोणी म्हणेल, जमाखर्च लिहिणारे पुष्कळ असतात. असतात. पण बारा वर्षं शिव्या खाऊन तोच आकडा लिहिणारा मी एकच पाहिला.

नवीन मंडळींसाठी थोडं मागचं सांगतो. गिरणी काढली तेव्हा विलायतेहून बारा हजारांचं इंजिन आणलं. पहिली दोन वर्षं शंभराच्या शेअरमागे बारा रुपये नफा वाटला. आम्ही भागीदार इतके खुशीत होतो की काही विचारू नका. दर वर्षी खंडेनवमीला इंजिन बंद ठेवायचं, हिरवा रंग द्यायचा, झेंडूची माळ घालायची, आणि ताळेबंदात लिहायचं, इंजिन, बारा हजार. रंग नवा म्हणजे इंजिन नवं. आमची अक्कल तेवढी होती. हसा, हसा. हसण्यासारखीच होती.

तिसऱ्या वर्षी पंत आले. रेल्वेच्या कचेरीत मुंबईला काम करून आलेले. पहिल्या खंडेनवमीला आम्ही माळा घेऊन उभे, आणि हे इंजिनवाल्या कासमभाईला घेऊन आसाखाली शिरलेले. आसाभोवती दोरा गुंडाळला, गाठ मारली, कापून खिशात ठेवला. मी विचारलं, "पंत, पूजेच्या दिवशी हे काय चाललंय?" म्हणाले, "आजच उभं असतं ना ते. एरवी आसाची जाडी मोजू कशी?"

मग त्यांनी कासमभाईला विचारलं, हे अजून किती वर्षं चालेल? कासमभाई समोर बसलेत, खोटं असेल तर सांगा. कासमभाई म्हणाले, "दहा साल चालेल पंत. पुढं अल्लाची मर्जी."

झालं. बारा हजार भागिले दहा. त्या वर्षीच्या जमाखर्चात खर्चाच्या बाजूला एक नवी ओळ आली. इंजिनाचा घसारा, बाराशे. त्याच्याखाली आणखी एक. ही जागा आपण इनामदारांकडून वीस वर्षांच्या पट्ट्यानं घेतली, दोन हजार रोख एकदम मोजून. पंतांनी त्याचेही दर वर्षी शंभर खर्ची टाकले. त्या शंभराला इंग्रजीत वेगळं लांबलचक नाव आहे, ते मला अजून उच्चारता येत नाही. कोणीतरी विचारलं, इंजिन झिजतं हे समजलं, पण पट्टा कुठे झिजतो? कागद तर कोरा करकरीत पेटीत आहे. पंत म्हणाले, "कागदाला काही होत नाही. वर्षं संपतात."

आणि नफा बारावरून सातावर आला.

मंडळी, सातावर. तुमच्यातल्या कित्येकांनी तेव्हा पंतांशी बोलणं टाकलं. मीही टाकलं. इंजिन धडधडीत चालतंय, भात भरडतंय, कोणाला एक पै दिलेली नाही, आणि हा गृहस्थ म्हणतो बाराशे खर्च झाले. कोणाला दिले? कशाला दिले? पावती कुठे आहे?

अशी तीन वर्षं गेली. मग ती वार्षिक सभा झाली. याच गोदामात. मी तिथे, त्या खांबापाशी उभा होतो. हातात छापलेला ताळेबंद होता. मी मोठ्यानं वाचलं, "घसारा, आजवर एकूण तीन हजार सहाशे." आणि म्हटलं, "पंत, तीन हजार सहाशे बाजूला काढलेत म्हणता. ठेवलेत कुठे? घसाऱ्याचे पैसे दाखवा."

पंत उठले. त्यांनी खरं तेच सांगितलं. म्हणाले, "ते ठेवलेले नाहीत. ते गेलेले आहेत."

गोदामात हशा पिकला. एवढा वाईट हशा मी पुन्हा ऐकला नाही. पंत पुढे समजावू लागले, पण ऐकायला कोण बसलंय? हात वर झाले. तिघांची चौकशी समिती नेमली. त्या तिघांतले दोघे आज हयात नाहीत. तिसरा तुमच्यासमोर बोलतो आहे.

आम्ही कंपनीची तिजोरी पाहिली. मग, हे सांगताना मला लाज वाटते, आम्ही पंतांच्या घरी गेलो. वहिनींनी गूळपाणी पुढे ठेवलं. आम्हाला वाटलं होतं पंत चिडतील, अंगावर येतील. त्यांनी स्वतःची लाकडी पेटी ओढून मधोमध आणली आणि म्हणाले, "बघून घ्या."

पेटीत दोन पंचे होते, धुतलेली एक बाराबंदी, आणि चिंधीत बांधलेले दोरे. गाठी मारलेले. प्रत्येकाला कागदाची चिठ्ठी, चिठ्ठीवर वर्ष. एकाहून एक दोरा तांदळाच्या दाण्याएवढा आखूड. आम्ही ते हातात घेऊन एकमेकांकडे पाहून हसलो. आत वहिनी उभ्या होत्या. निघताना पंतांनी दारात येऊन नमस्कार केला. मी पायताणं घातली आणि चालू लागलो.

ठरावांच्या वहीत आम्ही काय लिहिलं? "घसाऱ्याच्या रकमेबद्दल हिशेबनिसांचा खुलासा समाधानकारक वाटत नाही." एवढंच. पेटीत काही सापडलं नाही, हे लिहिलं नाही. का लिहिलं नाही? कारण मग आम्ही कशाला गेलो होतो, असं कोणी विचारलं असतं. त्या एका ओळीपायी पंतांच्या मुलीचं भिवंडीचं ठरत आलेलं स्थळ फिरलं. त्या एका ओळीपायी पगार नऊ वर्षं एक रुपयानं वाढला नाही. रामभाऊ, तुम्ही तेव्हा ठाण्याला होतात. तुम्ही पंतांना म्हणालात, सोडा ही नोकरी, इकडे या. ते आले नाहीत. का गेला नाहीत, असं मी एकदा त्यांना विचारलं होतं. म्हणाले, "मी गेलो की दुसरा माणूस परत बारा हजारच लिहील. तुम्हाला तेच हवंय."

आता माझं सांगतो. मला हे कसं समजलं ते. सभेनंतर चारेक वर्षांनी मी बंदरावर उभा होतो. मुंबईला तांदूळ नेणारा माझा पडाव खाडीतून काठावर ओढून डागडुजीला काढला होता. पंत पलीकडून येत होते. थांबले.

"भिकूशेट, हा कितीला घेतला होता?"

"नऊशेला."

"आज विकलात तर?"

मी म्हटलं, "दोनशे आले तरी डोक्यावरून पाणी. फळ्या गेल्यात सगळ्या."

पंत शांतपणे म्हणाले, "मग सातशे ठेवलेत कुठे? दाखवा."

मी पाठ फिरवू लागलो. ते म्हणाले, "रागावू नका. ते गेलेत, पण फुकट गेले नाहीत. तांदूळ वाहून, भाडं मिळवून गेलेत. आता सांगा, त्या भाड्यातले सातशे तुम्ही बाजूला राखलेत, की नफा समजून खर्चून टाकलेत?"

मी खर्चून टाकले होते. थोरल्याच्या लग्नात. पडाव झिजत होता आणि मी त्याच्या फळ्या जेवणावळीत वाढत होतो.

"घसारा म्हणजे पेटीत टाकलेला पैसा नव्हे," पंत म्हणाले. "यंत्र या वर्षी किती संपलं, ते खर्चात लिहायचं. लिहिलं की नफा खरा तेवढाच दिसतो, आणि वाटला तेवढाच जातो. उरतं ते कंपनीतच राहतं. कुठे राहतं म्हणून विचाराल, तर पौषात भात स्वस्त असतं तेव्हा आपण हल्ली ते रोखीनं घेतो. सावकाराकडे जात नाही. ते कशाच्या जोरावर?"

मंडळी, तुम्ही आत्ता ज्या पोत्यांना टेकून बसला आहात ना, ती बघा. आम्ही तिघे ज्या पैशासाठी त्या गरीब माणसाची पेटी उपसून आलो, तो इथे होता. आम्ही त्याला टेकूनच त्यांना हसलो होतो.

हे मला त्या दिवशी बंदरावर कळलं. लख्ख कळलं. पण पुढच्या सभेत उठून मी ते सांगितलं का? नाही. त्याच्या पुढच्या? नाही. आधी मला समजत नव्हतं, तो अडाणीपणा होता, त्याची क्षमा असेल. नंतर समजत असून मी पाच वर्षं गप्प बसलो. त्याला काय म्हणायचं ते तुम्ही ठरवा.

गेल्या साली इंजिन थकलं. कासमभाईंनी दहा सांगितली होती, अकरा चाललं. सरकारी तपासणीच्या साहेबानं येऊन बॉयलर बंद करायला लावला. आजूबाजूला असं झालं की गिरण्या मोडीत निघतात. आपण काय केलं? साठ्यातलं भात विकलं, बँकेतली ठेव काढली, आणि कोणापुढे हात न पसरता नवं इंजिन आणलं. सौदा मी ठरवला म्हणून तेव्हा तुम्ही माझ्या गळ्यात हार घातलात. भिकूशेटनी कंपनी सांभाळली म्हणालात. मी तो हार घालून घेतला. पंत तिथे कोपऱ्यात दौत सांभाळत बसले होते. माझ्याकडे बघून त्यांनी मान डोलावली, आणि नव्या इंजिनाची किंमत वहीत लिहायला घेतली.

दादासाहेब, ती ठरावांची वही मी आज मागवली आहे. माझ्या मनात होतं, ती ओळ खरवडून काढावी. पण पंतांना खाडाखोड खपत नसे. चूक झाली तर चूक तशीच दिसू द्यायची, आणि तिच्याखाली खरं काय ते लिहून सही करायची. म्हणून मी खाली लिहिलं आहे. वाचतो.

"वरील ठरावातील समितीने हिशेबनिसांची पेटी उघडली. तीत कंपनीचा एक पैसा नव्हता. घसाऱ्याचा हिशेब बरोबर होता. न समजल्याचा दोष समितीचा, आणि समजल्यावर न बोलल्याचा दोष खाली सही करणाऱ्याचा."

सही माझी आहे. त्या दिवशी ज्यांनी हात वर केले होते त्यांनी जाताना याच्याखाली सही करावी, अशी माझी विनंती आहे. सक्ती नाही. वही दाराशी असेल.

रामभाऊ, वहिनी इथे येऊ शकत नाहीत. तुम्ही घरी जाल तेव्हा त्यांना माझा निरोप सांगा. पेटी उघडणाऱ्या माणसानं चारचौघांत सांगितलं म्हणावं, की पेटीत काही नव्हतं. उशीर झाला हे त्यांना सांगावं लागणार नाही.

आता आपण सगळे उभे राहू. इंजिन एरवी खंडेनवमीलाच बंद असतं, आज त्यांच्यासाठी आहे. दोन मिनिटं कोणी बोलू नका.

पंत, त्या दिवशी दारात तुम्ही मला नमस्कार केला होतात, आणि मी केला नव्हता. आज करतो.