लालसर तुऱ्याची जास्वंद

मोलोकाई बेटावरच्या पोस्टात रांग हलत नव्हती. माझ्या पुढे एक म्हातारी आणि तिचा भाचा.

"काइपो, काल तुझ्या आईच्या कबरीवर जाऊन आले. जास्वंद फुललीय."

"बघ मावशी! पांढरी रानजास्वंद लाव म्हणाली होती, तीच लावली."

"मधला तुरा बघितलास? लालसर आहे."

"मग?"

"आपल्या दरीतल्या जास्वंदीचा तुरासुद्धा पांढरा असतो. ही ओआहू बेटावरची. रोप कुठून आणलंस?"

"तिथूनच, होनोलुलूच्या नर्सरीतून. दरी चढायला वेळ कुणाला होता? आणि लावताना तू समोरच होतीस की!"

"तेव्हा नुसती पानं होती. पानांवरून मला नाही रे ओळखता येत."

"उपटून टाकतो."

"वेडा आहेस का? दोन वर्षं झाली. मुळं तिच्यापर्यंत पोचली असतील."

रांग एक पाऊल सरकली. तो सरकला नाही.

"आई ओळखायची? पानांवरून?"

"पानाच्या कडेवरून बोट फिरवायची आणि सांगायची."

"मग मला का नाही शिकवलं?"

"शिकवायला बसली होती. तूच म्हणालास, फुलं आली की बघू."