बसल्याजागी एकशे अठरा

विष्णुपंत : "...सबब सदर घड्याळ कंपनीने माझी खाजगी माहिती परक्या इसमास पुरवली." लिहिलंस? पूर्णविराम दे.

लीना : बाबा, मी तुमची मुलगी आहे, वकील आहे, टायपिस्ट नाही. आधी झालं काय, ते सांगा.

विष्णुपंत : दर गुरुवारी मी पारनेरला मालिनीबाईंकडे कॅरम खेळायला जातो.

लीना : मला वाटलं, दत्ताच्या देवळात जाता.

विष्णुपंत : तसं मीच सांगत होतो. विधुराने विधवेकडे कॅरम खेळायला जायचं, तर घरात रीतसर अर्ज करावा लागतो. गेल्या खेपेला दाराला आतून कडी. खिडकीतून म्हणाल्या, "पंत, बोर्ड माळ्यावर टाकला. माझ्याकडे आलं की तुमची नाडी वाढते म्हणे. फोन आला होता."

लीना : कुणाचा?

विष्णुपंत : नाव सांगेनात. आवाज चांगल्या घरातला होता म्हणाल्या. आता माझी नाडी ठाऊक मला आणि या मनगटावरच्या घड्याळाला. मी बोललो नाही. उरलं कोण?

लीना : असेल कुणी काळजीपोटी... पण बाबा, बसल्याजागी एकशे अठरा म्हणजे या वयात कमी नाही हो.

विष्णुपंत : एकशे अठरा.

लीना : म्हणजे... अंदाजे.

विष्णुपंत : अंदाजे माणूस एकशे वीस म्हणतो. जन्मभर नगरच्या कोर्टात नाझर होतो मी, लीना.

(टेबलावरचा पंखा तेवढा मान हलवत राहतो.)

लीना : वाढदिवसाला घड्याळ दिलं, तेव्हाच केदारदादाने ते स्वतःच्या मोबाईलला जोडून घेतलं. तुम्ही 'मान्य' दाबलं होतं.

विष्णुपंत : माझं बोट धरून त्याने दाबलं. वाचल्याशिवाय सही करू नका, असं अख्ख्या जिल्ह्याला सांगत आलो. पोटच्या पोरापुढे चष्मा शोधायची लाज वाटली.

लीना : दादा रोजचा आलेख ग्रुपवर टाकतो. 'बाबांची तब्येत'. दादा, वहिनी, मी आणि अनन्या.

विष्णुपंत : माझी नात? ती नववीत आहे!

लीना : ती नुसता अंगठा दाखवते.

विष्णुपंत : म्हणजे मी देवळाचं नाव सांगून निघायचो, आणि तुम्ही चौघं...

लीना : नकाशात पारनेर दिसायचं.

विष्णुपंत : आणि प्रसादाचे पेढे?

लीना : ते तुम्ही स्टँडवर घ्यायचात. तेही दिसायचं.

विष्णुपंत : तरी हात जोडून खाल्लेत! आणि मघाशी "मला वाटलं, देवळात"? साक्ष छान देतेस. ते एकशे अठरा कशाने, हे विचारलं कुणी? राणी घेतली की कव्हर लागतं. मी नेम धरला की बाई नेमक्या खोकतात.

लीना : दादाला भीती वाटली.

विष्णुपंत : माझ्या हृदयाची की मालिनीबाईंची?

लीना : दोन्हींची. म्हणून त्याने फोन केला.

विष्णुपंत : नंबर कुठून मिळाला त्याला?

लीना : ...त्यांच्या वारसाच्या दाव्याचं काम माझ्याकडे होतं.

विष्णुपंत : म्हणजे या कॉम्प्युटरातून.

लीना : हो.

विष्णुपंत : मीच त्यांना तुझ्याकडे धाडलं होतं. म्हटलं होतं, माझी मुलगी आहे, निर्धास्त सगळं सांगा.

लीना : बाबा...

विष्णुपंत : तो नवा माहितीचा कायदा आलाय ना? त्यात केदारचं काय होतं?

लीना : काही नाही. घरच्या माणसाने घरगुती कारणासाठी वापरलेल्या माहितीला तो लागू नाही.

विष्णुपंत : वा! चोर घरचा निघाला, की कायदा चपला काढून उंबऱ्याबाहेर उभा. आणि वकिलाने अशिलाचा नंबर भावाला दिला, तर?

लीना : ते घरगुती नाही.

विष्णुपंत : मग नोटिशीतलं कंपनीचं नाव खोड. तिथे कुणाचं घालायचं, ते तुला मी सांगायला नको.

लीना : मी जाते पारनेरला. त्यांची माफी मागते.

विष्णुपंत : जा. पण मला पुढे घालून नको. आणि बोर्ड खाली काढा, असं तू सांगू नकोस. ते त्यांचं त्या ठरवतील.

लीना : घड्याळ का काढताय? बाबा, ते हातात असू दे. रात्री काही झालं तर?

विष्णुपंत : तर हाक मारीन. शेजारच्याच खोलीत झोपतो की केदार. हे ठेव इथे. आज ग्रुपवर तुझ्या टेबलाची तब्येत टाक.

लीना : उन्हाचे कुठे निघालात, बाबा?

विष्णुपंत : किती दिवसांनी विचारलंस गं हे.